झडपांवर ठोकलेली पट्टी

मुलांनो, काल आपल्या शहापूरच्या घरात नवी खिडकी बसली. चौकट आणि भिंत यांमधली फट सुतार सागाच्या पट्टीने झाकत होता. त्या भुशाच्या वासाने मला सापगावच्या सासरचं स्वयंपाकघर आठवलं.

मी तेव्हा नवी सून होते. चुलीच्या धुराने सासूबाई सारख्या खोकायच्या, म्हणून मी हट्टाने तिथली भिंत फोडून खिडकी करायला लावली. ती बसवायच्या दिवशी संध्याकाळी शाळेत शिकवून घरी आले, तर सुतार आतली पट्टी थेट झडपांवरून ठोकत होता. खिडकी उघडणारच नव्हती.

"रस्त्यावरून घरातली बाई दिसाय नको," सासरे म्हणाले. "काचंतून उजेड येतोय ना?"

"आणि धूर कुठून जाणार?"

"राहू दे गो," सासूबाई खोकत म्हणाल्या. "धुरानं मला काय नाय होत."

मी सुताराच्या हातातली पटाशी घेतली आणि पट्टी उचकटून काढली.

तेव्हा राग फक्त सासऱ्यांचा आला होता. धूर बाहेर जाऊ लागला, तरी सासूबाईंचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. आज राग येतो तो साऱ्या घराचा. वर्षानुवर्षं त्या धुरात भाजलेली भाकरी सगळ्यांनी गरमगरम मागून खाल्ली, आणि भिंत फोडावी असं एकालाही वाटलं नाही.