चौघींचा गाळा

नव्या इमारतीतल्या त्या दुकानाच्या गाळ्याचं शटर आज अर्धं वर होतं. आत एक बाई फरशी पुसत होती. तो गाळा ऑफिसातल्या आम्ही चौघी मिळून घेणार होतो, भाड्याने द्यायला. तेव्हा एका जेवणाच्या सुट्टीत सगळं ठरत आलं होतं. मी एवढंच म्हटलं, “उद्या एखादीला बाहेर पडायचं असलं तर? आधी वकिलाकडून लिहून घेऊ.”

“आपल्यात वकील कशाला गं?” सुनंदा म्हणाली. “मग चहा पितानाही करारपत्र करू या की!”

सगळ्या हसल्या. गाळ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही; तो दुसऱ्याच कुणीतरी घेतला.

प्रश्न चुकीचा नव्हता; आजही तोच विचारीन. पण आपल्याला जो सावधपणा वाटतो, तो समोरच्याला अविश्वास वाटतो. पूर्वी माझ्या डब्यात सरळ हात घालणाऱ्या मैत्रिणी आता आधी विचारतात, “घेऊ का?”