जस्त, तांबं आणि संगीताचा सातवा महिना

गेल्या डिसेंबरात माझ्या शाळेतल्या तीन मैत्रिणी बालीला गेल्या आणि मी मुरबाडला गेले. त्यांच्या फोटोंत निळा समुद्र आणि शहाळी. माझ्या फोटोंत थर्मोकोलचा एक पांढरा डबा, कारण दोन दिवस तो माझ्या मांडीवरून हललाच नाही. त्या बाजूला सहल काढायची असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धबधबे हवे असतील तर मात्र पावसाळ्यात जा, आणि दुसऱ्या कुणाचा तरी ब्लॉग वाचा.

जायचं ठरवलं माझ्या भाचीने. केतकी बायकांची डॉक्टर आहे आणि सध्या संशोधन करते आहे. गरोदर बाईच्या रक्तात जस्त, तांबं, सेलेनियम, लोह अशी चिमूटभरच लागणारी खनिजं किती असतात, आणि ती कमी पडली तर बाळ वेळेआधी जन्मतं का, असा तिचा विषय. तिचे फॉर्म भरायला जाणारी मुलगी ऐन वेळी आजारी पडली.

"मावशी, तूच चल ना. तुझं अक्षर किती सुंदर आहे!"

त्या अक्षरासाठी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी माझ्या बोटांवर लाकडी पट्टी झिजवली होती. बासष्टाव्या वर्षी कुणाला तरी ते उपयोगी पडत होतं. मी लगेच हो म्हणाले. मला वाटलं, दोन दिवस हवापालट होईल.

कल्याणहून मुरबाडला एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे ही सहल बालीपेक्षा किती स्वस्त पडते हे सांगायला नकोच. वाहकाने माझ्या मांडीवरच्या डब्याकडे संशयाने पाहिलं.

"म्हावरं हाय का त्यात? बोंबील?"

"नाही हो. रिकाम्या नळ्या आहेत, रक्ताच्या."

"मग बसा. मासळी असती तर पुढं नेऊन ठेवायला लावला असता."

वाटेत केतकीने मला नळ्यांचं शास्त्र समजावलं. नेहमीच्या नळीच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं आणि आकडा चुकतो, म्हणून या खास नळ्या, निळ्या बुचाच्या.

"म्हणजे बुचात जस्त असतंच," मी म्हटलं, "बाईत आहे की नाही एवढंच शोधायला आपण चाललोय."

"मावशी, तिथे असं काही बोलू नकोस हं," केतकी म्हणाली.

मुरबाडला रेल्वे नाही. ती येणार आहे, असं मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकते. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ बरी मिळते, आणि पाटीवर ठळक लिहिलेलं असतं, 'अस्सल गावठी अंडी'. मी दोन उकडलेली खाल्ली. बलक नुसता पिवळा नाही, चांगला केशरी. त्याचा फोटो मी बालीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'शुद्ध, नैसर्गिक, गावचं.' हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते लवकरच गिळावं लागलं.

पुढे म्हसा गावापर्यंत शेअरची जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही हे चालक ठरवतो. आत बसलेल्यांच्या बरगड्यांना कुणी विचारत नाही. तिथून केतकीने सांगून ठेवलेली रिक्षा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत घेऊन गेली. भाताची कापणी उरकलेली, खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या, डोंगर इतका जवळ की मान वर करून बघावा लागतो. उपकेंद्राच्या ओसरीवर वाडीच्या आशा सेविका मंगलताई यांनी नऊ गरोदर बायकांना गोळा करून बसवलं होतं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला 'गरोदरपणातील आहार' नावाचं मोठं रंगीत चित्र. सफरचंद, बदाम, ब्रोकोली, आणि कुठल्यातरी थंड समुद्रातला गुलाबी मासा. त्या माशाला बिचाऱ्याला आपण कुठे येऊन पोचलो हे माहीत नसावं.

माझा फॉर्मही त्या माशाच्याच गावचा होता.

"आठवड्यातून किती वेळा सुकामेवा खाता?" मी पहिल्या बाईला विचारलं.

"लग्नात."

"कुणाच्या?"

"ज्याच्या असंल त्याच्या," ती म्हणाली, आणि ओसरीभर हसू पसरलं. मी सुंदर तिरप्या अक्षरात लिहिलं, 'क्वचित'.

पाचवी आली संगीता. हे तिचं खरं नाव नाही. ब्लॉगवर लिहू का विचारलं तेव्हा तिनेच हे निवडून दिलं. तेवीस-चोवीसची, बारीक, नवरा मुरबाडच्या एका कंपनीत कंत्राटावर. 'आधीची बाळंतपणं' या रकान्याशी मी थांबले.

"एक झाला. सातव्यात आला. दोन दिस होता." एसटीची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. मग हळूच म्हणाली, "आता सोमवारी सातवा लागंल मला. या रक्तात कळंल का, हा पण आधीच येतोय काय ते?"

मी केतकीकडे पाहिलं. केतकी खोटं बोलत नाही, हा तिचा गुण तिथे फार अवघड झाला.

"हे रक्त मुंबईला जाईल. सगळ्या बायकांचं एकदम तपासतात. निकाल यायला सहा महिने लागतील."

"सहा?" संगीताने बोटांवर मोजलं. "तवर पोर येऊन बसंल की, मॅडम."

बायका पुन्हा हसल्या. संगीता हसली नाही, केतकीही नाही.

जागेवर तपासता येतं ते एकच, हिमोग्लोबिन. नऊपैकी सर्वांत कमी संगीताचं निघालं. मंगलताईंना हे मनाला लागलं. त्यांनी वही उघडून दाखवली. "लोहाच्या गोळ्या दर महिन्याला देते मी. आणि रिकामं पाकीट परत घेतल्याबगर नवीन देत नाय. हिची सगली पाकिटं जमा हायत, बघा!" पाकिटं खरोखरच होती, एकूण एक रिकामी. गोळ्या गेल्या आणि लोह चढलं नाही. केतकीच्या कपाळावर आठी पडली. तिच्या डोक्यात संशोधनाचा नवा विषय सुरू झाल्याचं मला दिसत होतं.

उलगडा झाला जेवायच्या वेळी, आणि त्यासाठी निळ्या बुचाची नळी लागली नाही. संगीताच्या सासूबाई, जनाबाई, आम्हाला आणि मंगलताईंना आग्रहाने घरी घेऊन गेल्या. तांदळाची भाकरी, उडदाचं कालवण आणि चुलीवर परतलेली सुकट. यासाठी मी पुन्हा एकदा त्या जीपमध्ये बसेन. जेवून मी अंगणात आले तर जनाबाई कोंबड्यांना कोंडा घालत होत्या. कोंबड्या नव्हेत, राण्या! तुकतुकीत पिसं, लालबुंद तुरे. आणि कोंड्यात मधूनमधून काहीतरी गोल, लाल.

"आजी, हे काय घालता?"

"त्या गोल्या, सरकारी," जनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीला पचत नाय. खाल्ली का ओकते. मंगल पाकीट मोजते. मग आतलं टाकायचं कसं गो? औषध हाय ते. कोंबड्यांना सोसतं. अंडी बघा कशी देतात, मुरबाडचा हाटेलवाला स्वतः येऊन नेतो."

मला माझा केशरी बलक आठवला. संगीतासाठी निघालेलं सरकारी लोह कोंबडीमार्गे माझ्या पोटात पोचलं होतं, आणि मी त्याचा फोटो बालीला पाठवला होता.

माझ्यामागून अंगणात आलेली केतकी मात्र भडकली. "आजी, अहो एक पोर गेलं तिचं! आणि तुम्ही औषध कोंबड्यांना घालता?"

जनाबाईंनी कोंड्याची पाटी खाली ठेवली. "मॅडम, तुमी खाल्लीत का कदी ही गोली?"

"मी... नाही. मला लागली नाही."

"एकदा खावा. उपाशी पोटी, काल्या चहासंगं. मग सांगा मला."

"चहाबरोबर?" केतकीचा आवाज एकदम खाली आला. "रिकाम्या पोटी, चहाबरोबर देत होता?"

"मग कशासंगं? औषध चहासंगंच घेतात."

आता केतकी जमिनीवर बसली, जनाबाईंच्या शेजारी. चहा लोहाला अंगी लागू देत नाही आणि रिकाम्या पोटी ही गोळी कुणालाही मळमळवते, हे तिने सावकाश समजावलं. रात्री जेवल्यावर, पाण्याबरोबर घ्यायची. तरी उलटी झाली तर बंद न करता मंगलताईंना सांगायचं, गोळी बदलून मिळेल. मंगलताई वही छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांना पाकिटं मोजायला सांगितलं होतं, चहाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हात धुवायला मागच्या दारी गेले. संगीता तिथे भिंतीला पाठ लावून उभी. तिने काहीतरी चटकन पदराआड केलं, आणि भिंतीचा एक कोपरा मला खरवडलेला दिसला.

"माती खातेस?" मी विचारलं.

तिने मूठ पदरात आणखी आत सारली.

"मी पाटीवरची पेन्सिल खायचे," मी म्हटलं. "शाळेत, डेस्कखाली लपून. सिस्टरांनी पकडलं आणि सगळ्या वर्गासमोर उभं केलं. पण त्यातल्याच एका म्हाताऱ्या सिस्टर मधल्या सुट्टीत मला बोलावून गुळाचा खडा द्यायच्या. का देतात, ते कधी बोलल्या नाहीत."

संगीताने पदरातला भिंतीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "पाणी शिंपडलं ना, का वास येतो मावशी. राहवतच नाय. पहिल्या वेली पण खाल्ली. त्यानंच गेला काय तो?"

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मी केतकीला हाक मारली. तिने संगीताचा हात धरून सांगितलं, तो का गेला ते मला माहीत नाही, आणि तुझ्यामुळे गेला असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. माती खावीशी वाटते तीच मुळी अंगात लोह-जस्त कमी असल्याची खूण असू शकते, आणि माती पोटात जाऊन अन्नातलं उरलंसुरलंही अडवते. दर पंधरा दिवसांनी मुरबाडला दाखवायचं. पोट आवळून आलं, पाणी गेलं, तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी बोलवायची.

जनाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "पाण्याचा हंडा आता मी आणीन," त्या म्हणाल्या. मग सुनेला, "आनि भिंत सोड माझी. घर पडंल एक दिस." मी फॉर्मच्या समासात 'माती खाते' असं लिहिलं. चौकट नव्हती, म्हणून अक्षर जरा लहान काढावं लागलं.

मुक्काम मुरबाडला. लॉज स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. दुसऱ्या दिवशी सरळगाव, किन्हवलीवरून शहापूर. रस्ता अर्धा गुळगुळीत, अर्धा 'काम चालू आहे'. तिथून उंबरमाळीच्या वरच्या अंगावर एका पाड्यात अंगणवाडीत गेलो. गरोदर बायकांना तिथे दुपारी गरम जेवण आणि एक अंडं मिळतं, आणि ते तिथेच बसून खायचं असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ होता. भात, वरण, भाजी सगळ्यांनी खाल्ली. अंडी मात्र एकेक करून पदरांत गेली, कारण प्रत्येकीचं एक थोरलं पोर दाराशी उभं होतं.

"इथंच खा गो, साहेब येतील," सेविका ओरडली.

"खाल्लं ना बाई," एकीने रिकामी ताटली दाखवली. दाराबाहेर तिची मुलगी गाल फुगवून चावत होती. सेविकेने माझ्याकडे पाहिलं, मी डोंगराकडे पाहिलं. फॉर्मवर लिहिलं, 'अंडं: रोज'. हे खोटं होतं. केतकीला नंतर सांगितलं, तेव्हा तिने माझं सुंदर अक्षर खोडून खाली स्वतःच्या डॉक्टरी अक्षरात खरं लिहिलं.

उंबरमाळीहून लोकलने घरी आलो. नळ्या मुंबईला गेल्या, बालीच्या मैत्रिणी परत आल्या, उन्हाने काळवंडलेल्या आणि खूश. मी कॅलेंडरवर सोमवार मोजू लागले.

सातव्याच्या तिसऱ्या सोमवारी मंगलताईंचा फोन आला. संगीताचं पोट आवळलं होतं. जनाबाईंनी सकाळची वाट न बघता गाडी बोलावली, दवाखान्यात चार दिवस ठेवून घेतलं. ते चार दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. चांदीची भांडी दोनदा घासली. पाचव्या दिवशी ती पोट घेऊनच घरी गेली. मग आठवा लागला. आठवाही सरला.

गोळीने झालं का, असं मी केतकीला विचारलं. "एका बाईवरून काही म्हणता येत नाही, मावशी," ती म्हणाली. शास्त्राला घाई नसते. निकाल अजून आलेले नाहीत.

मार्चच्या शेवटी केतकीने मला एक नवीन कागद दिला, बाळंतपणानंतरचा, फोनवर विचारून भरायचा. एकच पान. मी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि फोन लावला. पहिला प्रश्न होता, बाळ वेळेवर की वेळेआधी. संगीता म्हणाली, "नऊ भरून वर चार दिस, मावशी. मुलगी." मी 'वेळेवर'वर खूण केली. खूण चौकटीबाहेर गेली.

"आणि वजन? कार्डावर बघून सांग."

"सांगते. पण थांबाल काय जरा? आत्ताच धरलंय तिनं. आता हललं ना, का सोडंल."

"थांबते," मी म्हटलं.

पलीकडून चुटुचुटू आवाज येत होता. फोन तसाच चालू ठेवून मी पेनाचं टोपण लावलं.