लावणीला या, सहकुटुंब या!

आमचं शेत हे अत्यंत निराशाजनक पर्यटनस्थळ आहे, असं एका सुशिक्षित गृहस्थांनी जगजाहीर लिहून ठेवलं आहे. शुद्धलेखनाची एक चूक सोडली, तर त्या मजकुरात खोटं काहीही नाही.

ती एक चूक मात्र मला सहन झाली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एकवीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतले ‘न’ खोडून ‘ण’ करते आहे. घरी आल्यावर हेच काम सासूबाईंच्या बोलण्यावर करते. त्या म्हणतात, “भात शिजला हाय.” मी म्हणते, “आई, ‘हाय’ नव्हे, ‘आहे’.” त्या म्हणतात, “बरं. शिजला हाय, पन तुला नाय.” (हे वाक्य व्याकरणाच्या पलीकडचं असल्यामुळे मी ते दुरुस्त करत नाही.)

आम्ही कडावचे. आमची भाताची दोन खाचरं, घरामागचं धाकटं आणि ओढ्याकडचं थोरलं. मागच्या जुलैत पाऊस झाला, चिखलणी झाली, राबातली रोपं वीतभर होऊन डुलायला लागली आणि ती उपटून खाचरात लावायला माणूस मिळेना! गावातल्या निम्म्या बायका आता गाडीत बसून कुंभिवलीला कारखान्यात जातात. त्यांना मोकळा वार एकच, रविवार; आणि त्या एका रविवारावर अख्ख्या गावाचा डोळा. रोपं दिवसागणिक जून होत चालली होती. सासूबाई सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन त्यांच्याकडे बघून यायच्या आणि अर्ध्या भाकरीवर उठायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही खाचर ओसाड टाकलं नव्हतं.

अशा वेळी मला माहेर आठवलं. माझं माहेर कळंब. तिथे माझ्या भावाने खाचर बुजवून रिसॉर्ट काढलं आहे. ज्या जागेवर लहानपणी आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून रोपं लावायचो, तिथे आता शहरातली माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहतात, काहीच लावत नाहीत आणि वर भावाला पैसे देऊन जातात! मी ह्यांना म्हटलं, “आपल्याकडेही गुडघाभर पाणी आहे. मग आपण का नाही?”

“वर चिखल फुकट!” हे म्हणाले. (हे खालापूरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. फुकट शब्द आला की त्यांचा चेहरा उजळतो.)

कृषी पर्यटन! शहरातली माणसं येतील, हौसेने रोपं लावतील, तांदळाची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा खातील आणि आनंदाने घरी जातील. आमचं शेतही होईल. ह्यांनी लगेच मोबाईलवर जाहिरात लिहिली : ‘भात लावनी करायला या.’

मी लाल पेन घेतलं. (मोबाईलवर लाल पेन चालत नाही, पण हातात असल्याशिवाय मला चुका दिसत नाहीत.) ‘लावनी’चं ‘लावणी’ केलं. मग ‘भात’ या शब्दावर अडले.

“जुलै महिन्यात खाचरात भात नाही तर काय ऊस लावणार?” मी म्हटलं. “अनावश्यक शब्द!” आणि तो खोडला.

त्यानंतर मला स्फूर्ती आली. शेवटी जाहिरात जी झाली, ती मी इथे जशीच्या तशी देते, कारण शिक्षा भोगायची तर पूर्ण भोगावी :

‘लावणीला या, सहकुटुंब या! आमच्या गावच्या अनुभवी बायका तुमच्यासमोर लावणी करतील. त्यांची गाणी ऐका. मग तुम्हीही त्यांच्यासोबत उतरा! पाऊस आला तरी लावणी थांबत नाही. अंगावरच्या कपड्यांची पर्वा करू नये. बालगोपाळांना अवश्य आणा, ही कला लुप्त होत आहे.’

आता तुम्ही हसाल. पण मी कडाव-कळंबच्या बाहेर कधी राहिलेली नाही. आमच्याकडे लावणी म्हटलं की डोळ्यांपुढे पहिला चिखल येतो, दुसरी कंबरदुखी येते आणि तिसरं काही येतच नाही!

दुसऱ्याच दिवशी फोन आला. आवाज भारदस्त. “मी प्रधान. आमचा ज्येष्ठ नागरिकांचा एक ग्रुप आहे, चौदा जणांचा. जाहिरात वाचली. किती बायका असतील?”

“सात. सासूबाई धरून आठ.”

“सासूबाई? त्याही... लावणी करतात?”

“अहो, पंच्याहत्तरीच्या आहेत, पण एकदा कंबर वाकवली की तरण्या पोरींना मागे टाकतात!”

“वा! वा! म्हणजे अस्सल जुना बाज! आणि तुम्ही?”

“मी लहानपणापासून करते. आता नोकरीमुळे फक्त रविवारी.”

“नोकरी कुठे?”

“शाळेत.”

पलीकडचा आवाज गेला. मला वाटलं, आमच्या भागात रेंज जाते तसंच काहीतरी झालं असेल. मग प्रधानकाका हळू आवाजात म्हणाले, “काळ फार बदलला, बाई. तुमच्या घरच्यांचं कौतुक वाटतं. रविवारी येतो.”

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हणाले, “बघा, शहरातल्या माणसांना शेतीची किती कदर आहे!” सासूबाई त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त जेवल्या.

रविवारी सकाळी आठला सुमनताई सहा बायकांना घेऊन खाचरात उतरली. सुमनताई ही आमची शेजारीण आणि गावातल्या लावणीवाल्या बायकांची म्होरकी. तिने चार घरं नाकारून तो रविवार आम्हाला दिला होता. ती म्हणेल त्या शेतात बायका जातात आणि ती उठली की सगळ्या उठतात. नऊ वाजता मिनीबस आली. दार उघडलं, आणि सगळ्यात आधी अत्तराचा वास खाली उतरला.

मागोमाग चौदा म्हातारे उतरले. पांढरे झब्बे, कडक इस्त्री, आणि एकूणएक डोक्यावर गुलाबी फेटा! प्रधानकाकांच्या मनगटावर मोगऱ्याचा गजरा होता. मला भरून आलं. लावणीसारख्या कामाला फेटे बांधून येणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते.

“सहकुटुंब नाही आलात?” मी विचारलं.

“छे छे!” दोघं-तिघं एकदम म्हणाले. एकाने तर घरी भजनाला जातो असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हर म्हणाला, “पाच वाजता येतो,” आणि बस घेऊन कर्जतला निघून गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

“कार्यक्रम मागच्या बाजूला आहे, या,” असं म्हणून मी त्यांना बांधावरून नेऊ लागले. प्रधानकाका बूट सावरत म्हणाले, “स्टेज कुठंय?”

“स्टेज तर केव्हाच गेली हो!” मी रोपांसाठी मनापासून हळहळले. “आठ दिवसांपूर्वीच व्हायला हवं होतं. आता सगळं जून झालं आहे, पण अजून उभं आहे.”

“सगळं जून झालं आहे?” मागून एक काका दुसऱ्या काकांना म्हणाले. “जाहिरातीत अनुभवी लिहिलं होतं ना, ते हेच.”

आम्ही खाचराशी पोचलो. आठ बायका आमच्याकडे पाठ करून, ओचे खोचून, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन वाकल्या होत्या. छप् छप् छप् रोपं लावत मागे मागे येत होत्या. पाऊस भुरभुरत होता.

“झाली सुरू!” मी अभिमानाने हात केला. “हीच आमची लावणी!”

चौदा फेटे पुढे झुकले. प्रधानकाका म्हणाले, “ही तयारी आहे का? नाचायच्या आधीची?”

“कोण नाचणार?”

“बाई, ढोलकी कुठे आहे? घुंगरू कुठे आहेत?”

मी त्यांच्या फेट्याकडे पाहिलं. मग गजऱ्याकडे पाहिलं. मग मला माझी जाहिरात पहिल्या शब्दापासून आठवायला लागली. ‘तुम्हीही त्यांच्यासोबत उतरा’ या वाक्यापर्यंत आले, तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटलं. पण पायाखाली नुसता चिखल, तो दुभंगत नाही.

नेमक्या याच वेळी सगळ्यात मागच्या काकांनी, ज्यांना कमी ऐकू येत होतं आणि कार्यक्रम सुरू झाला एवढंच कळलं होतं, कडक शिट्टी मारली.

सुमनताईची पाठ सरळ झाली. ती वळली. “शिटी कोन मारली रं?”

मी गडबडीने सगळं सांगायला गेले आणि सांगता सांगता ते आणखी वाईट होत गेलं. बायका एकेक करून बांधावर चढल्या. सुमनताईने चिखलाचे हात कमरेवर ठेवले.

“मास्तरीन, आमाला नाचवायला बोलावलंस? आमी चार घरं सोडून तुज्या शेतात आलो, ते हे म्हातारं आमच्यावर शिट्या मारनार म्हनून?”

“नाही गं सुमनताई! फक्त एक शब्द राहिला, ‘भात’!”

“राहूंदे तुजा शबूद. चला गं!”

या बायका आज गेल्या असत्या, तर पुन्हा त्यांचा रविवार मिळेपर्यंत रोपं गुरांना घालायच्या लायकीची झाली असती. आणि गावात या गोष्टीचा बभ्रा झाल्यावर आमच्या खाचरात पुन्हा कुणी पाऊल टाकलं नसतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या एकट्याच अजून चिखलात उभ्या होत्या, हातात रोपांची मूठ. त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं. माझ्या शुद्ध मराठीने त्या म्हातारीचं शेत बुडवलं होतं.

इकडे प्रधानकाका तापले होते. “ही फसवणूक आहे! आम्ही आत्ताच्या आत्ता निघणार!”

“बस पाच वाजता हाय,” सासूबाई चिखलातून म्हणाल्या.

“मग जेवण तरी द्या!”

“जेवान लावनीच्या नंतर.” सासूबाईंनी हातातली मूठ त्यांच्याकडे धरली. “तुमी लावनी बघाया आलात. सुमन, तू कदी बघितलीस गं लावनी?”

“नाय बा.”

“मंग बस बांधावर. आज तू बघ. हे करतील.”

सुमनताईने चौदा गुलाबी फेट्यांवरून नजर फिरवली आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. ती बांधावर फतकल मारून बसली. बाकीच्या सहा जणीही बसल्या. तेवढ्यात वाऱ्याबरोबर रस्स्याचा वास आला आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्धार ढासळला. पहिले बूट काढले ते शिट्टीवाल्या काकांनी!

त्यानंतर जे झालं, त्याला लावणीच म्हणावं लागेल. प्रधानकाकांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं वर येईना. ते काढायला गेलेले काका बसले. त्यांना धरायला गेलेले काका आडवे झाले. सुमनताईने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की ओढ्यापलीकडची गुरं थांबून बघायला लागली. “वन्स मोर!” बायका ओरडत होत्या. “कंबर हलवा, साहेब! अजून खाली!” हसून हसून एकीच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक वाऱ्याने गेलं, तिला पत्ता नाही. प्रधानकाकांना शेवटी त्यांचाच फेटा सोडून, त्याचं एक टोक त्यांच्या कमरेला बांधून, सात जणींनी ओढून बाहेर काढलं. गजरा सापडला नाही. (भातासाठी चांगलं खत असावं.)

हसून झाल्यावर बायका आपण होऊन चिखलात उतरल्या. “सरका आता, रोपं मारू नका,” असं म्हणत त्यांनी काकांच्या हाताला धरून कशी लावायची ते दाखवलं, गाणीही म्हटली. पण वेळ गेला तो गेला. एका दिवसात दोन्ही खाचरं व्हायची, त्यांतलं धाकटंच झालं. त्याचा निम्मा भाग सरळ आणि निम्मा मोडी लिपीत! थोरलं तसंच राहिलं. काकालोक मात्र रस्सा दोनदा मागून जेवले आणि चिखलाचे फेटे बगलेत मारून बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर, जिथे लोक ठिकाणांना तारे देतात तिथे, आम्हाला एक तारा मिळाला. खाली मजकूर : ‘अत्यंत निराशाजनक ठिकाण. लावनीच्या नावाखाली चिखलात राबवून घेतलं. कलावंतांचं सरासरी वय पन्नास. रस्सा उत्तम. — प्रधान.’

माझा जीव त्या ‘लावनी’वर अडकला. बाकी सगळं गिळलं असतं, पण बाणातल्या ‘ण’च्या जागी नळातला ‘न’ नाही! मी ताबडतोब खाली जाहीर उत्तर लिहिलं : ‘लावनी नव्हे, लावणी!’

अर्ध्या तासात त्याखाली कुण्या अनोळखी माणसाने विचारलं : ‘म्हणजे लावणी खरंच असते ना? आम्ही वीस जण आहोत. येत्या रविवारी आहे का?’

मी ते ह्यांना वाचून दाखवलं आणि आता नीट खुलासा लिहिते म्हणून चष्मा लावला. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

“इस जन हायत?” त्या म्हणाल्या. “थोरलं खाचर बाकी हाय, गं. तू त्याला खुलासा नको देऊ. नुसतं लिव, हाय.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. थोरल्या खाचराकडे पाहिलं. सुमनताईला विचारून आले. ती म्हणाली, “या रविवारी बी येतो, फुकट येतो, पन बघाया!” मग मी डोळे मिटले, आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, पूर्ण शुद्धीत, ते अशुद्ध उत्तर पाठवलं : ‘हाय.’

लगेच उलट उत्तर आलं : ‘हॅलो!’