टपावर बांधलेली खुर्ची

माधवनगर, तासगाव आणि शिरवळच्या माझ्या दीर-जावांनो,

दादांसाठी, म्हंजे आमच्या ह्यांच्यासाठी, गाडी घेतोय म्हणून गावभर सांगता, पण दादांची चाकाची खुर्ची तिच्यात मावती का, हे एकानंबी बघितलं न्हाई. वरातीला किती जण बसतील ते मात्र मोजलं.

आज सांगलीत तुमी ठरवलेली मोटार बघाय गेलो. खुर्ची डिकीत जाईना, तवा तासगावच्या भाऊजींनी ती टपावर दोरीनं आवळली. यांना उचलून पुढं बसवलं, चक्कर मारली आणि तुमी समदे चहाला गेला.

हे मला हळूच म्हणाले, "लघवीला लागलीया." मी टपावर हात घातला, पण गाठ सुटंना. हाका मारल्या, तर शिरवळचे भाऊजी तिथनंच म्हणाले, "वैनी, जरा दम धरा की. दादा काय पळून चाललेत व्हय?" समदे हसले.

तुमी आला तवा उशीर झाला हुता. मी यांच्या मांडीवर पिशवी ठेवली, म्हणून तुमाला कळलं न्हाई.

लढाईत पाय गेलेला माणूस घरी आल्यावर म्हणाला, "मला आता कुठं न्यायचंच न्हाई."

मला मागनं उघडणारी जुनी जीप पायजे. फळी लावली की खुर्ची मी एकली आत ढकलीन. दिसायला ती बरी न्हाई, ठावं हाय.

सोमवारी तुमी मोटारीचा इसार देणार. पत्र वाचून लगेच पुढच्या घरी द्या आणि रविवारच्या आत मला सांगा, जीप का मोटार. ज्याला मोटारच पायजे, त्यानं इथं येऊन यांच्यासमोर बसून सांगावं.