प्रयागबाईने मशीनला कुंकू लावलं

प्रयागबाई आमच्या भिंतीपलीकडची. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावल्याशिवाय ती चालू होऊ देत नाही. कूलरला लावलं, जावयाच्या स्कूटरला लावलं. नानाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, नागपूरहून कवळी आणली तर कवळीलाही लावलं. त्या दिवशी नानाजी कुंकवासकट जेवले आणि म्हणाले, "आज वरण सवाष्ण झालं वं."

ती ग्रामसभेत उठली तेव्हा आम्हाला वाटलं, नळाचं बोलेल. सरपंच श्रीधर नव्या सभामंडपाचं सांगत होता.

"श्रीधर, पोरांले शाळेचं मैदान हाय. बुढ्यांले पार हाय. माह्या कामिनीले अन् तिच्या मैत्रिणींले पाय हलवाले जागा कुठी हाय गा? घरात खेळल्या तं भांडे पडते, रस्त्यावर खेळल्या तं लोकांचे डोळे पडते."

कामिनी तिची नात, कबड्डी खेळते. मागे बसलेल्या आम्ही बायांनी टाळ्या वाजवल्या, मग श्रीधरला हो म्हणावंच लागलं.

पाण्याच्या टाकीमागच्या बाभळी काढल्या, कबड्डीचं मैदान आखलं आणि व्यायामाच्या हिरव्या-पिवळ्या मशिनी सिमेंटमध्ये पक्क्या बसवल्या. उद्घाटन सकाळी दहाचं. प्रयागबाई उजाडताच ताट घेऊन गेली. नारळ फोडला, लाल धागे बांधले, हळदकुंकू वाहिलं. आणि पाय ठेवायच्या प्रत्येक पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

दहा वाजता श्रीधरने फीत कापली. लोक म्हणाले, आता चढून दाखव. त्याने चप्पल काढली, पाय उचलला, खाली स्वस्तिक दिसलं. पाय परत घेतला, हात जोडले आणि चहाला निघून गेला.

झालं. सरपंचाने पाय ठेवला नाही तिथे दुसरा कोण ठेवणार? लोक यायचे, नमस्कार करायचे, जायचे. कोणी उदबत्ती लावली. खालच्या आळीतल्या एकीने तर पाय झुलवायच्या मशीनला नवस बोलला, घरात पाळणा हलू दे म्हणून. पोरी बाजूला उभ्याच.

"आजी, तू व्यायामशाळा मागतली का देऊळ?" कामिनी रडवेली झाली.

श्रीधरने वेगळंच काढलं. "प्रयागकाकू, शेजारचं गाव मशिनी मागून राहिलं. इथं कोणी वापरत नसन तं मी देऊन टाकतो."

प्रयागबाईला दोन घास जाईनात. मी म्हटलं, "पुसून टाक नं वं ते कुंकू."

"पुसल्यानं कुंकू जाते. देव नाही जात."

नानाजी खाटेवरून बोलले, "गणपती बसवते अन् उठवतेही. तुहा देव काय पक्क्या नोकरीवर हाय का?"

ती ताडकन उठली. दहीपोहे कालवले, अक्षता घेतल्या आणि टाकीमागे गेली. मागोमाग आम्ही सगळ्या, आमच्यामागे नानाजी. एकेका मशीनवर अक्षता वाहिल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला. आता मूर्ती जागची हलवायची असते. मशीन तर सिमेंटमध्ये. ती क्षणभर थबकली. मग वाकली आणि हाताने पाटी ढकलली. पाटी कुरकुरत पुढे गेली, मागे आली.

"हलला. गेला देव," ती म्हणाली. पदराने स्वस्तिक पुसलं. "चढा पोरींनो."

एकही पुढे होईना. तेव्हा तिने लुगडं खोचलं, पाटीला नमस्कार केला आणि स्वतःच चढली. पाय लागले झुलायला. दुखऱ्या गुडघ्याची बाई, पण मशीन काही ऐकेना.

"अहो, हे थांबत नाही. ब्रेक कुठी हाय?"

"देव गेला, आता कोणाले इचारतं?" नानाजी म्हणाले, पण धावले आणि दांडा धरला. ती उतरायच्या आत कामिनी शेजारच्या मशीनवर चढली होती. मग बाकीच्या. दहीपोहे खायलाही कोणी थांबलं नाही, ते आम्ही खाल्ले.

मशिनी गावातच राहिल्या. फक्त दुपारी रिकामे गडी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत त्यांच्यावर बसायला लागले. पोरी आल्या तरी उठेनात. प्रयागबाईने भांडण केलं नाही. आता ती रोज जेवण झालं की करंडा घेऊन जाते, बसायच्या पाटीवर स्वस्तिक काढते आणि घरी येऊन झोपते. पोरी यायच्या वेळेला दहीपोहे घेऊन देव उठवते.

नानाजी म्हणतात, या मशिनींनी कोणाचं वजन कमी होईल ते होवो, माझं दही पार कमी झालं.