राक्षस नदीत असताना झालेले सत्कार

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. पाण्यासाठी, रेशनसाठी, एसटीच्या बंद पडलेल्या फेरीसाठी वडील पत्रकं काढायचे आणि तालुक्याच्या स्टँडवर उभं राहून वाटायचे. उरलेल्यांची माझ्या वह्यांना कव्हरं लागायची. ‘जाहीर निषेध’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द असावेत. काही करायचं म्हणजे आधी पत्रक काढायचं, ही समजूत तेव्हापासूनची. ती एका मुलीला महागात पडली.

आमचं गाव पाथर्डीकडचं. दसरा झाला की निम्म्या गावाच्या दारांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, लेकरंही नेतात. शनिवारी मी शाळेत मुलांचा वाचनवर्ग घेते. तिथं चौथीतल्या दोन मुली कायम एकमेकींना चिकटून बसायच्या. एकीचे आईवडील दर वर्षी तोडीला जातात, तिलाही नेतात. दुसरीच्या घरी बारमाही विहीर आहे, त्यामुळं ती गावातच राहते. नावं सांगत नाही. एक जाणारी आणि एक राहणारी.

नगरच्या माझ्या एका मित्राकडं लहान मुलांचा कार्टून सिनेमा होता, मराठीत आवाज दिलेला. एक टिटवी असते, तिला एकच सूर येतो म्हणून सगळं रान तिला हसतं. आणि एक दगडी राक्षस असतो, आतून पोकळ. त्याला आवाजच नाही. टिटवी त्याच्या पोटात शिरून ओरडते, तेव्हा त्या एका सुराचे शंभर सूर होऊन बाहेर येतात. मग दोघं मिळून एका राजाकडं निघतात, ज्यानं राज्यातली सगळी गाणी बरण्यांत कोंडून ठेवलेली असतात. मी तो नगरला पाहिला होता. टोळ्या निघायच्या आत मुलांना तो दाखवायचाच, असं मी ठरवलं. जाणारीची गाडी रविवारी सकाळी येणार होती. म्हणजे शेवटचा शनिवार.

सरळ जाऊन सिनेमा लावायचा होता. मी पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर, वर ठळक अक्षरांत ‘बालचित्रपट सोहळा’.

शनिवारी दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही वर्गात अंधार केला. भिंतीवर आईची पांढरी चादर. सव्वाशे मुलं जमिनीवर मांडी घालून बसली. राक्षसाचं पोट पहिल्यांदा घुमलं तेव्हा जाणारीनं खिचडीचं ताट उपडं करून बोटांनी वाजवायला सुरुवात केली. बरोबर ठेक्यात. राहणारीनंही ताट ओढलं, मग ओळीच्या ओळी वाजवू लागल्या. मी इतक्या सभांना गेले आहे, पण असा एकदिलानं उठलेला आवाज मी कुठल्या सभेत ऐकलेला नाही.

राक्षस नदीत उतरला. पाण्यानं त्याचे पाय विरघळू लागले. टिटवी त्याच्या खांद्यावर. आणि दार उघडून मोठे गुरुजी आत आले.

“बंद कर. पाहुणे आलेत.”

“सर, वीसच मिनिटं राहिलीत. पाहुण्यांनाही बसवू की खाली.”

“खाली? अगं, तुझ्याच पत्रकात सोहळा लिहिलंय. अध्यक्षाशिवाय सोहळा असतो का?” गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले, “मी फोन केले. लोक आले. आता काय परत पाठवू?”

सतरंज्या निघाल्या. आईच्या चादरीवर बॅनर चढला. समईच्या वाती वाऱ्यानं तीनदा विझल्या, तीनदा पेटवल्या. मग सत्कार. अध्यक्षांचा, प्रमुख पाहुण्यांचा, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, गाडी चालवणाऱ्याचासुद्धा. शाल, नारळ, फोटो. ज्यांनी सत्कार केले त्यांचे मग दुसऱ्यांनी केले. चौदा मोजले आणि मी मोजणं सोडलं. प्रत्येक वेळी गुरुजी मुलांकडं बघून हात वर करायचे आणि मुलं टाळ्या वाजवायची. ताटं गोळा करून कोपऱ्यात ठेवली होती, आवाज होतो म्हणून. मैत्री आणि संगीत यांचं बालमनातलं स्थान, यावर पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. सिनेमा कशाचा आहे हे त्यांना व्यासपीठावर चिठ्ठी देऊन सांगावं लागलं होतं. ती चिठ्ठी मीच लिहिली होती, याचा राग अजून गेलेला नाही.

आभार संपले तेव्हा पाच वाजून गेले होते. मित्राला साडेपाचची नगर गाडी धरायची होती, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर त्याचेच. गुरुजींनी माइकवरून जाहीर केलं, “उरलेला सिनेमा पुढच्या शनिवारी.” आणि त्याच दमात, “तोडीला जाणाऱ्या मुलांनी दाखले घेऊन जावेत.”

ही दोन वाक्यं एकामागोमाग बोलताना माणूस अडखळत कसा नाही?

फाटकाशी जाणारीनं मला गाठलं. राहणारी मागे तिचं दप्तर धरून.

“ताई, त्यो दगडाचा बाबा बुडतो का वो?”

मला शेवट माहीत होता. चार वाक्यांत सांगता आला असता.

“सांगायचा नसतो गं, बघायचा असतो,” मी म्हणाले. “तो बघणं तुझा हक्क आहे. मी दाखवीन तुला.”

“कधी?”

“मी या लोकांना सोडणार नाही, बघ तू.”

तिनं मान हलवली. तिनं विचारलं होतं एक आणि मी उत्तर दिलं होतं भलतंच. तिची वस्ती माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. त्या संध्याकाळी बसून मी पत्रक लिहिलं. पाहुण्यांच्या खुर्चीखाली चिरडलेलं बालपण, सत्काराची साथ, वगैरे. वडील वाचून म्हणाले, “भाषा धारदार आहे.” मला बरं वाटलं. सकाळी ट्रॅक्टर आला आणि जाणारी गेली.

पत्रक बुधवारी छापून आलं, गावभर वाटलं. गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण शनिवारी वर्ग उघडून दिला. मित्र पुन्हा आला. आता मुलं साठ-पासष्टच होती. सिनेमा सुरू झाला आणि राहणारी उठून बाहेर गेली.

मी मागे गेले. ती पायरीवर बसली होती, हातात माझं पत्रक.

“आत चल. राक्षस नदीत आहे.”

“ती न्हाई तर मी न्हाई बघनार.” तिनं पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी. “ताई, समदं वाचलं मी. ह्यात शेवट कुठं हाय? तिला फोनवर वाचून दावनार हुते.”

आयुष्यात इतकी पत्रकं वाटली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

जाणारीच्या आईचा नंबर तिला तोंडपाठ होता. मी लावून स्पीकरवर ठेवला. आईनं फडातून हाक मारली, थोड्या वेळानं पोरीचा धापा टाकणारा आवाज आला. मागे कोयत्यांची सपासप. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत सिनेमा शेवटाशी पोचला होता. मी फोन खिडकीला लावला.

“हे काय वाजतंय, ताई?”

“राक्षसाचे दगड. नदीत पडलेत. वारा शिरला की वाजतात. टिटवीनं त्यातच घरटं केलंय.”

ती म्हणाली, “म्हंजी बुडलाच व्हय.”

“हो.”

“मी तर हितल्या पोरांना सांगितलं, त्यो पलीकडं गेला. आमी ताटं वाजीवली म्हनून.”

राहणारीनं माझ्या हातातून फोन घेतला. “मग गेलाच त्यो. तू नको बदलू.”

“ताई म्हनतात बुडला.”

“ताई काय, त्या शनवारी सांगायला आल्या हुत्या का?”

गेले नव्हते, आणि हे मी पत्रकातही लिहिलं नव्हतं.

आत सिनेमा संपला. गुरुजी सतरंजीची घडी घालत बाहेर आले. माझ्यावरचा राग निवळला असावा. सलोख्याच्या सुरात म्हणाले, “झालं ना तुझ्या मनासारखं? आता रीतसर समारोप करून टाकू. कुणाला बोलवायचं, सांग.”

फोन अजून स्पीकरवरच होता. पलीकडून जाणारीनं विचारलं, “परत सत्कार हाय का?”

गुरुजी फोनकडं वाकले. “कोण बोलतंय?”

“जिचा सिनेमा तुम्ही थांबवला होता,” मी म्हणाले, “ती.”