सोवळ्यात घोडा

आमच्या यजमानांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पागेत होते, असं लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. ते घोड्यावर बसत होते की घोड्यांचा चारा मोजत होते, देव जाणे. त्यांच्या वंशजाला मात्र एक घोडा धरता येईना.

हल्ली आमच्या कुंभकोणमातही नवरदेवाला घोड्यावरून मिरवायची हौस आली आहे. त्यासाठी यजमानांच्या एका मित्राने पांढरा घोडा पाळला होता. मित्र मुलाकडे कोइंबतूरला राहायला निघाला, आणि आमचे हे मला न विचारता "आमच्या बागेत राहू दे" म्हणून मोकळे झाले. बाग म्हणजे घरामागची नारळाची झाडं, पार अरसलार नदीच्या काठापर्यंत. कुंपण आहे, त्यामुळे घोडा कुठे जात नव्हता. पण हाती येईल तर शपथ!

बिचाऱ्याने वरातीत काय काय सोसलं असेल! कानाशी तविलचा ढणढणाट, पायाशी फटाके आणि पाठीवर घामाघूम नवरा. माणूस जवळ आला की दोरी आली, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. यजमान पाठीमागे तोंडात अडकवायची दोरीची मोरखी लपवून, "ये रे राजा" करत पुढे सरकायचे. घोडा गवत खात असल्याचं सोंग करायचा आणि हातभर अंतर उरलं की हातावर तुरी देऊन नदीकडे धूम ठोकायचा. मी मागच्या दारातून ओरडायची, "अहो पागावाले, फिल्टरची कापी निवते आहे!"

हसण्यावारी नेत होते, तोवर त्याचे खूर वाढले. जनावरांचे डॉक्टर कुंपणाबाहेरूनच बघून म्हणाले, असेच राहिले तर हा लंगडा होईल. तंजावरहून नालबंद बोलावला. त्याने आणि यजमानांनी सकाळभर धावाधाव केली, दोघांच्याही नाकी नऊ आले. "पुढच्या महिन्यात येतो. तेव्हाही धरून ठेवता आला नाही तर मला बोलावू नका," असं बजावून तो निघून गेला. त्या दिवशी यजमान जेवताना म्हणाले, "तिरुप्पनंदाळकडे एक जण आहे, दोरखंड टाकून घोडं खाली पाडतो म्हणे. पुढच्या खेपेलाही जमलं नाही तर हा घोडा त्याला देऊन टाकू." आणि पानावरून उठले.

निवृत्त झाल्यापासून हा माणूस दुपारपर्यंत झोपाळ्यावर बसून असायचा. विचारलं तर हूं, नाही तर तेही नाही. घोडा आल्यापासून उजाडायच्या आत बागेत. मी कितीही कुरकुर केली तरी मला तो घोडा घरी हवा होता, आणि त्याच्यामागे धावणारा हा नवराही.

मग मीच कंबर कसली. सकाळी आंघोळ करून सोवळं नेसायचं, देवपूजा करायची, नैवेद्याचं केळं आणि गूळ घेऊन मागच्या दारी जायचं. आमच्याकडे सोवळं कडक. सासूबाई नव्वदीला टेकल्या तरी सोवळ्यात रांधलेल्याशिवाय घास घेत नाहीत. म्हणून मी केळं लांबवलेल्या हातावर ठेवायची. घोडा दुरून मान ताणत यायचा, नाकपुड्या फुलवायचा, ओठ पुढे करायचा, आणि मी चटकन केळं दगडावर टाकून हात मागे घ्यायची. शिवला तर पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, आणि स्वयंपाकाला उशीर. घोडा दचकून मागे व्हायचा. मला वाटायचं, काय भित्रं जनावर आहे!

पंधरवडा असाच गेला. सासूबाई मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून रोज हे बघत असायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "अगं, तो तुला नाही भीत. तूच त्याला भितेस. तो तोंड पुढं करतो, तू हात मागं घेतेस. त्यानं काय समजायचं?"

मला रागच आला. "मग काय शिवू देऊ? तुमचाच स्वयंपाक करायचा आहे मला! गाय असती तर चाललं असतं."

"खंडोबा घोड्यावरच बसतो ना आपला? उतरला की दर वेळी आंघोळ करत असेल?"

कुलदैवतच मध्ये आणलं त्यांनी! पण खरं सांगते, मनाला पटलं तरी हाताला पटेना. इतक्या वर्षांची सवय हाताला असते. दुसऱ्या दिवशी हात पुढे केला तेव्हा तो आपोआप मागे येऊ लागला, तो मी डाव्या हाताने धरून ठेवला. घोड्याने किती तरी वेळ नुसता वास घेतला. मग त्याचे ओठ तळव्याला लागले. ऊन, मऊ, आणि अगं बाई, किती ओले! केळं संपलं तरी त्याने तोंड हलवलं नाही. मीही हलले नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तशीच जाऊन पुन्हा आंघोळ केली, सोवळं बदललं.

पुढे रोज तेच चाललं. आधी हात, मग मान, मग आयाळ. मोरखी मी लपवली नाही. उघड खांद्यावर टाकून जायची, त्याला हुंगू द्यायची आणि परत आणायची. एक दिवस त्याने स्वतःच तिच्यात तोंड घातलं.

नालबंद आला तो नेमका मी पूजेतून उठत असताना. तशीच सोवळ्यात गेले, मोरखी चढवली आणि घोड्याचं डोकं खांद्याशी घेऊन उभी राहिले. चारही खूर तासून होईपर्यंत तो माझ्या कानाशी फुरफुरत होता. यजमान नारळाच्या आडून बघत होते. नालबंद गेल्यावर पुढे आले आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. घोडा पळाला नाही.

या सगळ्यात ऊन डोक्यावर आलं होतं. भात चुलीवर चढलाच नव्हता. मी घाईने न्हाणीघराकडे वळले. लुगड्यावर सगळीकडे पांढरे केस चिकटले होते. सासूबाईंनी ते बघितले.

"कुठं निघालीस?"

"आंघोळ करते, मग भात टाकते."

"भूक लागली आहे मला," त्या म्हणाल्या. "आहेस तशी टाक भात. मी जेवते."